गल्ला, कीर्द आणि घड्याळ

लहान धंदा कां बुडतो, असें कोणास विचारलें तर बहुधा एकच उत्तर मिळतें : "भांडवल नव्हतें." आमचें मत निराळें आहे. भांडवलाची अडचण खरी आहे व ती आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आपल्या लाखांदूर तालुक्यांतील अनेक दुकानें आणि घरगुती उद्योग हातीं भांडवल असतांनाच झिजत जातात, आणि मालकास तें कळतें तेव्हां फळ्या रिकाम्या झालेल्या असतात. गल्ल्यांतला पैसा कोणाचा, विक्रींतून खरोखर काय उरलें, आणि आजचा दिवस कोणत्या कामास द्यावयाचा, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं रोजच्या रोज तयार असतात, त्याचा धंदा थोड्या भांडवलावरही उभा राहतो. ज्याच्यापाशीं तीं नसतात, त्यास मोठें भांडवलही पुरत नाहीं.

शाळेच्या वार्षिकांत दुकानदारीची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येक शेतकऱ्यांच्या घरचे आहेत हें खरें. पण त्याच घरांत कोणाची पिठाची गिरणी असते, कोणाचें किराण्याचें दुकान, कोणाची चहाची टपरी, तर कोणाचें शिवणयंत्र. असें दुकान बंद पडलें कीं पहिला धक्का वह्यापुस्तकांस बसतो. आणि घरांत दोन भावंडें शिकत असलीं तर बहुधा मुलीचें नांव आधीं शाळेतून कमी होतें. शिवाय परीक्षा उतरलेला प्रत्येक मुलगा नोकरीच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसतो, आणि नोकऱ्या तर मोजक्याच. तेव्हां हिशेबाची व वेळेची शिस्त हा विषय गणित-भूगोलाइतकाच शाळेचा आहे.

प्रथम आपल्या प्रदेशाचा विचार करूं. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या कांठचा हा तालुका धानाचा. इटियाडोहाच्या कालव्याचें पाणी जेथें पोंचतें तेथें उन्हाळी धानही निघतें. इतरत्र पावसाळी पिकावरच वर्ष काढावें लागतें. मृगांत पऱ्हे टाकावे, बांधींत चिखल करून रोवणी करावी, पुढें कापणी-मळणी करून धान खरेदी केंद्रावर न्यावें, आणि मग चुकाऱ्याची वाट पाहावी, असा आपला क्रम. दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते, झाडीपट्टीचीं नाटकें रात्ररात्र चालतात, लेकीबाळी माहेरीं येतात, आणि तेव्हां शिंप्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांच्या हातीं पैसा खेळतो. उन्हाळ्यांत तेंदूपानाची थोडी मजुरी येते. पाऊस सुरू झाला कीं मात्र बियाणें, खत, मजुरी यांतच सर्व पैसा जातो, आणि दुकानदाराच्या वाट्यास "लिहून ठेवा" एवढे दोन शब्द येतात. शहरांतील गिऱ्हाइकास महिन्याच्या महिन्यास पगार मिळतो. आपल्याकडील गिऱ्हाइकाचा पैसा वर्षांतून एकदां अगर दोनदां पुरासारखा येतो व पुरासारखाच ओसरतो. म्हणून शहरांतल्या पुस्तकांतील उपदेश जसाच्या तसा उचलून आपलें काम भागत नाहीं. येथें शिस्त अधिक पाहिजे, उणी नव्हे.

पहिली गोष्ट गल्ल्याची. एक उदाहरण घेऊं. आंकडे कल्पित आहेत, पण त्यांच्या जागीं कोणासही आपले आंकडे घालून पाहतां येतील. समजा, एका गृहस्थानें दिवाळीस ४०,००० रुपयांचा माल भरून किराण्याचें दुकान उघडलें. रोजची विक्री २,००० रुपयांची. त्या मालाची खरेदी १,७०० रुपयांची; म्हणजे वर राहिले ३०० रुपये. त्यांतून जागेचें भाडें, वीज, सांडलवंड आणि उंदरांनीं नासलेला माल यांचे रोजचे ८० रुपये वजा जातां खरी मिळकत २२० रुपये. परंतु संध्याकाळीं गल्ल्यांत दिसतात दोन हजार! मग घरची भाजी, पाहुण्यांचा चहा, मोबाइलाचा भरणा, लग्नाचा आहेर, असें करीत रोज सरासरी ४०० रुपये त्यांतून निघतात. घरांत कोणी उधळ्या नाहीं, कोणास व्यसन नाहीं. तरी रोज १८० रुपयांचें भांडवल खाल्लें जातें. चाळीस हजारांस एकशें ऐशींनीं भागा : २२२ दिवस येतात. दिवाळीस भरलेलें दुकान मृगाच्या पावसास रिकामें! आणि नेमका तोच रोवणीच्या तोंडचा काळ, जेव्हां गांवास दुकानाची गरज सर्वांत अधिक असते. शेजारी म्हणतात, "बिचाऱ्याचें नशीब." आमच्या मतें यांत नशिबाचा कांहीं संबंध नाहीं, ही साधी वजाबाकी आहे.

यावर उपाय एवढाच कीं दुकानानें घरास पगार द्यावा. वरील गृहस्थानें रोजचे १८० रुपये हा आपला पगार ठरवावा, तो सायंकाळीं एकदांच उचलावा, आणि उरलेले ४० रुपये दुकानाच्या राखीव पेटींत टाकावे. घरांत साबण लागला तर तो फळीवरून काढून न्यावा, पण त्याची किंमत आपल्या पगारांतून गल्ल्यांत टाकावी. पगारांत घर भागत नसेल, तर शेतीची मिळकत, मजुरी किंवा दुसरा जोडधंदा यांतून भर घालावी, गल्ल्यांतून नव्हे. अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. सन २०१६ पासून मोबाइलावरून तात्काळ पैसे पाठविण्याची सोय झाली, आणि आतां लहानशा टपरीवरही क्यूआर कोडाचा कागद चिकटविलेला दिसतो. सोय उत्तम आहे. पण ते पैसे घराच्याच बँकखात्यांत जाऊन पडतात, आणि डोळ्यांस न दिसतांच खर्च होतात. लांकडी गल्ल्यांत निदान तळ तरी दिसे! म्हणून धंद्याचें बँकखातें निराळें उघडावें, आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावावा.

दुसरी गोष्ट कीर्दीची. कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि खतावणी म्हणजे माणसागणिक मांडलेलें खातें. ही विद्या आपल्याकडे परकी नाहीं. पेशव्यांच्या रोजकीर्दी पुण्याच्या दप्तरांत आजही जपून ठेवलेल्या आहेत. तिकडे युरोपांत व्हेनिस शहरीं १४९४ सालीं लुका पाचोली नामक फ्रान्सिस्कन साधूनें आपल्या गणितग्रंथांत दुहेरी नोंदीची व्यापारी पद्धति छापून प्रसिद्ध केली. राज्याचा कारभार असो कीं समुद्रावरचा व्यापार, लिहिल्यावांचून तो चालत नाहीं; मग आपल्या टपरीचा तरी कसा चालावा? लहान दुकानास मोठ्या पद्धतीची गरज नाहीं. शंभर पानांची एक वही, तींत पांच रकाने : तारीख, रोख आलें, रोख गेलें, उधार दिलें, उधार वसूल झालें. दिवा मालविण्यापूर्वीं दहा मिनिटें बसून त्या दिवसाची शिल्लक मोजावी व वहीशीं ताडून पाहावी. चूक त्याच रात्रीं सांपडते. आठ दिवसांनीं ती सांपडत नाहीं, आणि मग घरांतल्या माणसांवर नाहक संशय येऊं लागतो.

वहींत एक रकमेची नोंद बहुतेक सर्वजण गाळतात, ती म्हणजे स्वतःच्या श्रमाची. समजा, दोन जावांनीं पांच किलो तांदळाचे पापड केले. तांदूळ २०० रुपयांचे, जिरें, तेल, मीठ, पापडखार ६० रुपयांचें, जळण ४० रुपयांचें, पिशव्या ३० रुपयांच्या, एकूण ३३०. पापड विकून आले ५००. दोघींस वाटतें, १७० रुपये नफा झाला. पण दोघींचा सबंध दिवस गेला, तो कोणी मोजला? त्या दिवशीं रोवणीस गेल्या असत्या आणि प्रत्येकीस ३०० रुपये मजुरी मिळाली असती, तर या पापडांत त्यांस ४३० रुपयांची खोट आली. शेतांत मजुरी नसलेल्या दिवसांत तेंच काम केलें तर गोष्ट निराळी. तेव्हां थोडी मिळकतही मोलाची. म्हणून कोणता माल कोणत्या दिवसांत करावा, किती करावा आणि काय भावानें विकावा, हें श्रमाची किंमत लिहिल्याशिवाय ठरत नाहीं. स्त्रियांच्या बाबतींत ही चूक विशेष होते. कारण त्यांच्या वेळेस कांहीं किंमत आहे, हेंच पुष्कळ घरांत कोणी मानीत नाहीं.

पापडाचीच गोष्ट निघाली म्हणून मुंबईचें एक उदाहरण सांगतों. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटावयास बसल्या. भांडवल ८० रुपयांचें, आणि तेंही समाजसेवक छगनलाल पारेख यांजकडून उसनें घेतलेलें. पहिल्या दिवशीं तयार झाले चार पुडे. तोटा आला तरी कोणापुढें हात पसरावयाचा नाहीं, आणि हिशेब चोख ठेवावयाचा, ही त्यांची प्रथमपासूनची रीत. लाटणारणीच्या श्रमाची मजुरी तेथें मोजून दिली जाते, आणि नफातोटा सर्व भगिनींचा समजला जातो. तीच आजची 'लिज्जत पापड' ही संस्था. तींत हजारों भगिनी काम करितात. ऐशीं रुपये हें त्या काळींही मोठें भांडवल नव्हतें. त्यांच्यापाशीं जें होतें तें तेलकट हातांनीं कां होईना, पण रोज लिहिलेल्या हिशेबाचें बळ.

आतां उधारी. "आज नगद, उद्यां उधार" अशी पाटी आपल्याकडील पुष्कळ दुकानांत टांगलेली असते, आणि तिच्याच खालीं उधारीची वही लोंबकळत असते! आमच्या मतें उधारी अजीबात बंद करा म्हणणें आपल्या भागांत व्यर्थ आहे; चुकारा आल्याशिवाय शेतकऱ्यानें तरी कोठून द्यावें? पण उधारीस मर्यादा घालतां येते. भांडवलाच्या चौथाईहून अधिक रक्कम बाहेर जाऊं देऊं नये. म्हणजे चाळीस हजारांच्या दुकानानें दहा हजारांवर थांबावें. प्रत्येक घरास ठराविक हद्द असावी. फेडीचा वायदा "पुढच्या महिन्यांत" असा मोघम नसावा. "धानाचा चुकारा मिळाल्यापासून आठ दिवसांत" असा असावा. नोंद दुकानाच्या वहींत व्हावी, गिऱ्हाइकाच्या वहींत व्हावी, आणि दोहोंवर सही असावी. उधारी फुगूं दिली कीं दुकानदाराचें दुहेरी नुकसान होतें. देणेंकरी माणूस शरमेनें त्या दुकानावरून जाण्याचें टाळतो आणि जवळ रोख पैसे आले कीं ते दुसऱ्या दुकानांत नेतो. म्हणजे पैसाही गेला आणि गिऱ्हाईकही गेलें.

यावर एक आक्षेप आम्हीं नेहमीं ऐकतों : "गांवांत सगळे नात्यागोत्याचे. काकांस नाहीं कसें म्हणावें? वहीवर सही मागितली तर माणुसकी कोठें राहिली?" हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आजारपणांत, मर्तिकाच्या प्रसंगीं शेजाऱ्यास धान्य देणें हें गांवाचें भूषण आहे, आणि तें राहिलेंच पाहिजे. परंतु दान आणि उधारी हीं दोन निराळीं ठेवावीं. जें द्यावयाचें तें आपल्या पगारांतून, परत न मागण्याच्या बोलीनें द्यावें. जें परत यावयाचें तें लिहून द्यावें. भांडणें बहुधा न लिहिलेल्या रकमांवरून होतात. काका-पुतण्यांनीं दहा वर्षें एकमेकांचें तोंड न पाहण्यापेक्षां वहीवर एक सही झालेली बरी.

तिसरी गोष्ट घड्याळाची. मुंबईचे डबेवाले बहुतांशीं मावळ भागांतले. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनीं हा धंदा सुरू केला असें सांगतात. त्यांच्यापैकीं अनेकांचें शिक्षण बेताचेंच. पण डब्यावरील रंगाच्या व अक्षरांच्या खुणांवरून ते घरचा डबा अचूक कचेरींत पोंचवितात. याचें मर्म काय? लोकल गाडी कोणासाठीं थांबत नाहीं, म्हणून प्रत्येक कामाची वेळ ठरलेली; आणि खूण डब्यावरच लिहिलेली, म्हणून डोक्यांत साठवून ठेवण्याचें ओझें नाहीं. आपल्या दुकानासमोरून लोकल जात नाहीं, हीच आपली अडचण आहे. घाई करणारें कोणी नसल्यामुळें दिवस पसरतो. दुकान कधीं आठाला उघडतें, कधीं दहाला. गिऱ्हाईक दोनदां परत गेलें कीं तिसऱ्यांदां येत नाहीं.

म्हणून कांहीं साधे नियम सुचवितों. दुकान उघडण्याची व बंद करण्याची वेळ पाटीवर लिहावी आणि ती पाळावी. रात्रीं कीर्द मिटतांना उद्यांचीं तीन मुख्य कामें वहीच्या मागील पानावर लिहावीं. तिनांहून अधिक नकोत, कारण लांब यादी पाहून माणूस एकही काम करीत नाहीं. सकाळीं त्यांतलें जें सर्वांत नकोसें वाटतें तें पहिल्यानें हातांत घ्यावें. नदीपलीकडील वडशास माल आणावयास जावयाचें तर आठवड्याचा एक वार ठरवून, यादी करून, एकाच खेपेंत आणावा. एका खोक्यासाठीं अर्धा दिवस आणि गाडीचें तेल दवडूं नये. दुपारीं गिऱ्हाईक नसतें तो वेळ फळ्या पुसण्यास, सांठा मोजण्यास व वसुलीच्या चिठ्या लिहिण्यास द्यावा. मोबाइलावरील चित्रें पाहण्यांत तो कोठें गेला हें कळतही नाहीं. आणि वर्षाचें एक पंचांग भिंतीवर असावें : रोवणीपूर्वीं काय भरावयाचें, मंडईच्या आधीं किती दिवस कपडा व मिठाईचें सामान आणावयाचें, वसुलीस केव्हां निघावयाचें. चुकारा हातीं आल्यावर आठव्या दिवशीं मागणारास पैसे मिळतात. दोन महिन्यांनीं मागणारास कारणें मिळतात.

शिस्तीनें सर्व कांहीं होतें असा आमचा दावा नाहीं. पाऊस दगा देतो, पुराचें पाणी बांधींत शिरतें, चुकारे लांबतात. तेव्हां उत्तम कीर्द ठेवणाराही अडचणींत येतो. म्हणूनच ती रोजची चाळीस रुपयांची राखीव पेटी. सहा महिन्यांत तींत सात हजारांवर रक्कम सांठते, आणि तेवढ्यानें एखादा वाईट महिना निभावतो. पेटीनें भागलें नाहीं तर कर्ज काढावें, पण कोठून तें पाहून. शेकडा पांच दरमहा हा व्याजाचा दर तोंडावर हलका वाटतो. वर्षाचा हिशेब केला तर शंभरास साठ होतात. दहा हजारांस वर्षाचे सहा हजार व्याज देईल असा कोणता किराणा आहे? परवान्याशिवाय सावकारी करणें हा महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ अन्वयें गुन्हाही आहे. बचतगट आहेत, आणि २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत 'शिशु' या वर्गाखालीं ५०,००० रुपयांपर्यंतचें कर्ज तारणाशिवाय देण्याची तरतूद आहे. सहा महिन्यांची नीट लिहिलेली कीर्द पुढें ठेवली तर बँकेच्या अधिकाऱ्याशीं बोलतांना आवाज चांचरत नाहीं. मात्र एक पथ्य : मालासाठीं घेतलेलें कर्ज मालांतच जावें. तें लग्नाच्या मांडवांत गेलें कीं धंदाही गेला आणि पतही गेली.

आणखी एक समज आपल्यांत खोल रुजलेला आहे कीं व्यापार हें आपल्या लोकांचें काम नव्हे. बेळगांवांत सायकलींचें लहान दुकान चालविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पूर्वीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. त्यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल या भीतीनें शेतकरी तो घेईनात. त्यांनीं धीर सोडला नाहीं; आणि १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. व्यापार रक्तांत असावा लागत नाहीं. तो शिकतां येतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं या सुटींत एकच काम सांगतों. घरीं दुकान असो, गिरणी असो कीं आईचें शिवणयंत्र, एक महिनाभर त्याची कीर्द तुम्ही लिहा. बेरीज-वजाबाकी तुम्हांस येतेच. न येणारी गोष्ट म्हणजे रोज न चुकतां लिहिणें, आणि तीच शिकावयाची आहे. महिनाअखेर बेरीज मांडून वडिलांपुढें व आईपुढें ठेवा. उपदेश करूं नका, आंकडे आपोआप बोलतील. अभ्यासासही हीच रीत लागू आहे : रात्रीं लिहिलेलीं तीन कामें, सकाळीं नकोसें तें आधीं.

पालकांसही नम्र विनंति आहे. ही वही मुलाच्या हातीं देतां तशी मुलीच्याही हातीं द्या. मुलांपुढें घरचें कर्ज व मिळकत उघड करण्यास कमीपणा मानूं नका. आपल्या घरचा एक रुपया कसा येतो व कसा जातो हें ज्या मुलास कळलें, तो जत्रेंत हट्ट कमी करील आणि दुकानावर बसतांना लाजणार नाहीं. पुढल्या वर्षीं मृगाचा पाऊस पडेल तेव्हां ज्या दुकानाच्या फळ्या भरलेल्या असतील, त्या घरच्या मुलीचें नांव शाळेच्या हजेरीपटावर कायम असेल. त्यासाठीं आज संध्याकाळीं एक वही विकत आणणें, एवढेंच काम आहे.